ठसे आणि माणसे

१५ ऑगस्ट २०१२ च्या रात्री बंगळूरच्या मुख्य रेल्वे स्थानकावर जी गर्दी लोटली, तिचे कारण तेथे बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांनाही प्रथम उमगेना. शहरात दंगल नव्हती, संचारबंदी नव्हती, पूर नव्हता की रोगाची साथ नव्हती. तरीही हाती लागले तेवढे सामान उचलून हजारो तरुण-तरुणी गुवाहाटीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसली होती. त्यांत महाविद्यालयांतले विद्यार्थी होते, रुग्णालयांतल्या परिचारिका होत्या, उपाहारगृहांतले वाढपी होते, सौंदर्यप्रसाधनगृहांत काम करणाऱ्या मुली होत्या आणि इमारतींच्या फाटकांवर रात्रपाळी करणारे पहारेकरी होते. रेल्वेने जादा गाड्या सोडल्या, त्याही भरल्या. अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे तीस हजार माणसे बंगळूर सोडून तीन हजार किलोमीटरवरच्या आपल्या मुलखाकडे निघून गेली. पुण्याहून, चेन्नईहून, हैदराबादहूनही अशीच माणसे निघाली.

या घटनेची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. त्या वर्षीच्या जुलैत आसामातील कोक्राझार आणि लगतच्या जिल्ह्यांत बोडो आणि बंगाली भाषक मुसलमान यांच्यात भीषण दंगली झाल्या आणि चार लाखांवर लोक बेघर होऊन छावण्यांत राहू लागले. या दंगलींची म्हणून काही खरी, काही खोटी आणि काही भलत्याच देशांतील भलत्याच प्रसंगांची छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून देशभर फिरू लागली. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावरील निषेधसभेला हिंसक वळण लागले. पुण्यात ईशान्येकडील काही तरुणांना मारहाण झाली. १४ ऑगस्टला म्हैसुरात एका विद्यार्थ्यावर चाकूहल्ला झाला. यानंतर संदेश पसरले ते असे, की २० तारखेच्या ईदपूर्वी ईशान्येकडील सर्वांनी दक्षिण सोडावी, नपेक्षा त्यांची धडगत नाही. सरकारने १७ ऑगस्टला एका भ्रमणध्वनीवरून दिवसाला पाचांहून अधिक लघुसंदेश पाठविण्यास मनाई केली. राज्याचे गृहमंत्री स्थानकावर जाऊन लोकांची समजूत घालू लागले, मुस्लिम संघटनांचे कार्यकर्तेही फलाटावर आणि वस्त्यावस्त्यांत जाऊन अभय देऊ लागले. खुद्द बंगळूर शहरात म्हणावा असा मोठा हल्ला झालाच नाही.

त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतेक अफवेच्या यंत्रणेविषयी झाली. संदेश कोणी पाठविले, चित्रे कोठून चढविली गेली, सीमेपलीकडचा हात किती, याचा पुष्कळ खल झाला, आणि तो व्हायलाही हवा होता. परंतु अफवेला यंत्र लागते तशी भूमीही लागते. एका वाक्याचा निनावी संदेश वाचून मिळवता माणूस नोकरीवर पाणी सोडून पळतो, याचा अर्थ त्या संदेशापूर्वीच त्याच्या मनात काहीतरी तयार होते. म्हैसूरच्या त्या हल्ल्यातली एक गोष्ट या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. ज्याच्यावर वार झाला तो मुलगा आसामचा नव्हता, मणिपूरचा नव्हता, ईशान्य भारतातल्या कोणत्याच राज्याचा नव्हता. तो तिबेटी होता. म्हैसूरजवळ बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि त्या भागाला तिबेटी माणूस काही नवखा नव्हे. परंतु हल्लेखोरांच्या मनात ल्हासा आणि कोक्राझार यांच्यामध्ये अंतरच नव्हते. त्यांच्यापाशी एकच चेहरा होता आणि तो त्यांनी ओळखला.

हा मनातला तयार चेहरा कोठून येतो? इंग्रजीत त्याला जो शब्द आहे, ‘स्टिरिओटाइप’, तो मूळचा छापखान्यातला. जुन्या छापखान्यात पानाचे खिळे एकदा जुळवून झाले, की त्या जुळणीचा साचा घेऊन शिशाचा सबंध पत्रा ओतीत. मग खिळे पुन्हा जुळविण्याचा खटाटोप नको. त्याच पत्र्यावर हव्या तितक्या प्रती काढाव्या. अडचण एवढीच, की त्या पत्र्यातले एक अक्षरसुद्धा नंतर बदलता येत नसे. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली लोकमतावरील आपल्या ग्रंथात हा शब्द माणसांच्या समजुतींना लावला आणि तेव्हापासून तो सामाजिक शास्त्रांत रुळला. मराठीत ‘ठसा’ हा शब्द या कामी चांगला उपयोगी पडतो, कारण तोही छापखान्यातलाच आहे आणि मनावरही ठसाच उमटतो, असे आपण म्हणतो. लिपमनचे म्हणणे असे, की जग फार मोठे आणि गुंतागुंतीचे असल्यामुळे असे तयार ठसे हाताशी असल्यावाचून माणसाचा व्यवहार चालत नाही. ते खरेच आहे. मात्र पत्रा एकदा कोणी ओतला आणि कोणत्या वेळी ओतला, हे छापील प्रत पाहणाऱ्याला कळत नाही.

पुष्कळदा हा पत्रा भाषेतच ओतलेला असतो. मराठी शहरी बोलीत ‘गुरखा’ म्हणजे रात्रीचा पहारेकरी. तो गुरखा असो वा नसो. ‘भय्या’ म्हणजे दूधवाला किंवा भाजीवाला, ‘मारवाडी’ म्हणजे गहाणाचा धंदा करणारा. एके काळी मुंबईच्या गुजराती आणि पारशी घरांत ‘रामा’ म्हणजे घरगडी असाच अर्थ होता आणि तो गडी बहुधा रत्नागिरीकडचा मराठी माणूस असे, हे येथे विसरून चालणार नाही. एका जमातीचे, प्रांताचे किंवा माणसाचे नाव एका धंद्याचे नाव होऊन बसते. त्या जमातीत शिक्षक असतात, कवी असतात, आळशी माणसेही असतात; पण शब्दात फक्त धंदा शिल्लक राहतो. बंगळूरच्या इमारतीत राहणाऱ्याला फाटकावरचा मणिपुरी तरुण रोज दिसतो, तथापि तो कोणत्या गावचा, कोणती भाषा बोलतो, हे विचारण्याची गरज त्याला पडत नाही. कारण शब्दाने त्याची ओळख आधीच करून दिलेली असते.

भाषेने ओतलेल्या या पत्र्यावर प्रती काढण्याचे काम कथा-कादंबऱ्या, रंगभूमी आणि विशेषेकरून चित्रपट करतात. पूर्वेकडच्या चेहऱ्याचा हिंदी पडद्यावरील इतिहास पाहिला तर तो चिनी माणसापासून सुरू होतो. १९५८ च्या ‘हावरा ब्रिज’ या चित्रपटातील जॉन चँग हा चिनी खलनायक मदन पुरी यांनी रंगविला. चिनी वेषात नृत्य केले हेलन यांनी. हेलन या ब्रह्मदेशातून युद्धकाळात निर्वासित होऊन आलेल्या. म्हणजे चिनी दोन, आणि चीनचे त्यांत कोणीच नाही. चोरटा व्यापार, अंधाऱ्या गल्ल्या, अफू आणि सुरी, एवढे सामान त्या चेहऱ्याभोवती मांडले, की प्रेक्षकाला पुढचे सांगावे लागत नसे. वस्तुतः कलकत्त्यातला चिनी माणूस कातडी कमावीत होता, जोडे शिवीत होता, दात बसवीत होता. आसामातला चिनी तर चहाच्या मळ्यांवर आलेल्या मजुरांचा पणतू होता आणि घरात आसामी बोलत होता. ते पडद्यावर आले नाही.

१९६२ च्या युद्धात सरकारने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना उचलून राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवले. त्यांत म्हातारी माणसे होती, शाळकरी मुले होती, आसामी वा खासी आईच्या पोटी जन्मलेली माणसे होती. काहींना तेथे काही वर्षे काढावी लागली. या कृतीचे कारण युद्ध आणि त्यातून उपजलेली भीती हे होते. चित्रपटाने ती घडविली असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण इतकी माणसे शेजारून उचलली गेली आणि देशात त्याविषयी फारसा आवाज उठला नाही, या शांततेला ते जुने सामान कारणीभूत झाले नसेल असे म्हणवत नाही. दुसरे चित्र उपलब्ध नव्हते असेही नाही. महादेवी वर्मा यांनी दारोदार कापड विकणाऱ्या एका चिनी फेरीवाल्याचे शब्दचित्र हिंदीत लिहिले होते. त्यावरून १९५९ साली मृणाल सेन यांनी ‘नील आकाशेर नीचे’ हा बंगाली चित्रपट काढला. त्यात फेरीवाला वांग लू आणि स्वातंत्र्यचळवळीतील एक गृहिणी यांच्यात बहीण-भावाचे नाते जुळते. या चित्रपटावर काही काळ बंदी आली होती. आसामातील माकुम येथल्या चिनी वस्तीची करुण कहाणी पूर्णपणे वाचकांपुढे यायला २०१० साल उजाडावे लागले. रीता चौधुरी यांच्या ‘माकाम’ या आसामी कादंबरीने ती आणली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्या छावणीतली बहुतेक प्रौढ माणसे मरून गेली होती.

ईशान्येकडून आलेल्या आणि हिंदी पडद्यावर मोठे नाव मिळविलेल्या नटाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. सिक्कीमचे शेरिंग फिंत्सो डेंझोंग्पा पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकायला आले. त्यांचे नाव कोणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा सहाध्यायी जया भादुरी यांनी ‘डॅनी’ हे सुटसुटीत नाव सुचविले. अभिनय इतका कसदार, की ‘खुदा गवाह’ मध्ये त्यांनी पठाण उभा केला आणि कोणाला तो खटकला नाही. परंतु त्यांच्या वाट्याला आलेला सर्वांत गाजलेला खलनायक १९९० च्या ‘अग्निपथ’ मधला, आणि त्याचे नाव कांचा चीना. २०१२ साली त्याच चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ही भूमिका संजय दत्त यांनी केली. चेहरा बदलला, ‘चीना’ तसाच राहिला, आणि तोही कोकणातल्या मांडव्याच्या गोष्टीत. एखाद्या माणसाची क्रूरता सांगायला आडनावाच्या जागी एका देशाचे नाव पुरते, हे लेखकाला नि प्रेक्षकाला सारखेच ठाऊक होते.

२०१४ साली मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. ही एक मोठीच गोष्ट होती. पण नायिकेची भूमिका प्रियांका चोप्रा यांना दिली गेली, आणि मणिपुरात २००० सालापासून भूमिगत संघटनांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातलेली असल्यामुळे ज्यांची ती कथा त्यांच्या चित्रगृहांत तो लागलाच नाही. म्हणजे मणिपुरी स्त्रीची कथा मणिपुरी चेहऱ्यावाचून तयार झाली आणि मणिपुरी प्रेक्षकावाचून दाखविली गेली. निर्मात्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. प्रसिद्ध नटीवाचून एवढा पैसा उभा राहत नाही. तरी चेहरा बाजारात चालत नाही आणि बाजारात दिसत नाही म्हणून तो परका वाटतो, हे चक्र कोठेतरी तुटायला हवे होते. निकोलस खारकोंगोर यांनी ‘अखुनी’ या चित्रपटात ते थोडेसे तोडले. आंबवलेल्या सोयाबीनचा नागा पदार्थ दिल्लीतल्या भाड्याच्या खोलीत शिजवायचा, तर त्याच्या वासाने घरमालकापासून शेजाऱ्यांपर्यंत सारे खवळतात. मैत्रिणीच्या लग्नासाठी तो गुपचूप कसा शिजवावा, एवढीच गोष्ट. सुक्या बोंबलाच्या वासावरून ज्या मुंबईकर मराठी माणसाला घर नाकारले गेले असेल, त्याला ही गोष्ट कोणी समजावून द्यावी लागणार नाही.

वृत्तपत्रांबद्दल फार बोलण्याजोगे नाही. ईशान्य भारत तेथे पूर, बंडखोरी आणि २६ जानेवारीचे नृत्यपथक या तीन रूपांत येतो. आठ राज्ये आणि शेकडो बोली यांचा मिळून एकच ‘ईशान्येकडील’ माणूस होतो. त्यांतली आसामी ही मराठीची सख्खी बहीण, खासी ही अगदी निराळ्या कुळातली, मुंडारी आणि संथाळीशी दूरचे नाते सांगणारी. आणि बोडो तर १९७५ पासून देवनागरीतच लिहिली जाते. ज्या कोक्राझारपासून हे सारे सुरू झाले, तेथील बोडो पाट्यांवरची अक्षरे पुण्याच्या दुसरीतल्या मुलालाही मोठ्याने वाचता येतील. ही साधी माहिती अशा बातम्यांतून सहसा मिळत नाही.

बंगळूरच्या २०१२ च्या प्रसंगात एकच ठसा कामाला आला असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. पळणाऱ्यांच्या मनातही एक ठसा होता, आणि तो मुसलमानाचा होता. शहरात मारेकरी दिसत नव्हते, तरी ते कोण असतील हे प्रत्येकाला ‘ठाऊक’ होते. जे लोक स्वतः एका चेहऱ्यात कोंबले गेले होते, त्यांनी दुसऱ्या लाखो लोकांना एका चेहऱ्यात पाहिले. अफवेचे बळ या दोन पत्र्यांच्या जोडीत होते. एक नसता तर दुसऱ्यावर इतक्या प्रती निघाल्या नसत्या.

या दुसऱ्या ठशाचा बंगळूरमधला इतिहास प्रसारमाध्यमांशी फार जवळून निगडित आहे. १९९४ च्या ऑक्टोबरात बंगळूर दूरदर्शनने कन्नड बातम्यांना जोडून दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू केले. त्याला विरोध उठला, बघता बघता दंगल पेटली आणि पंचवीसच्या आसपास माणसे मेली. बातमीपत्र बंद पडले. कन्नड भाषेला तिच्या राजधानीतच दुय्यम स्थान मिळते, ही तक्रार जुनी होती आणि तीत तथ्यही होते. पण वादात उर्दू म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे परका, अशी समीकरणे पाहता पाहता मांडली गेली. वस्तुतः बंगळूरच्या गल्ल्यांत जी बोलली जाते ती दख्खनी. लखनौच्या माणसाला तिचे हसू येते. बोलण्यावर जोर द्यायला ती जो ‘च’ लावते, तो तिने मराठीकडून घेतलेला आहे. इतके या मातीत मुरलेले बोलणे दहा मिनिटांच्या कार्यक्रमामुळे परदेशी ठरले. बंगळूर तसे कोणत्याही एका ठशात न मावणारे शहर. शहाजीराजांची ती जहागीर होती. १९५० साली तेथल्याच एका मराठी घरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा कन्नड शाळेत शिकला, बसवाहक झाला आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ जनतेचे दैवत होऊन बसला. १९९१ च्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून याच शहरात तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली, हेही त्याच्याच जोडीला लक्षात ठेवावे लागते.

कन्नड साहित्याने या ठशावर दुसरे अक्षर उमटविण्याचे काम बऱ्याच अंशी केले आहे. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीचे के. एस. निसार अहमद यांनी कर्नाटकाच्या निसर्गाचे जे गीत लिहिले, ते कन्नड घराघरांत गायिले जाते. पण ज्यांच्यात राहावे त्यांच्या संशयी नजरा कशा टोचतात, हेही त्यांनीच कवितेत सांगितले. हासनच्या बानू मुश्ताक यांनी मुसलमान घरांतल्या बायकांच्या कथा लिहिल्या. त्यांतले नवरे, सासवा, मौलवी, चिडखोर आजीबाई यांपैकी कोणीही वृत्तपत्री ‘मुसलमान’ नाही, आणि लेखिकेने आपल्या समाजाला झाकूनही ठेवलेले नाही. त्यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी म्हैसूरच्या दसऱ्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलाविले, तर त्यांच्या धर्मावरून वाद माजला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने आक्षेप फेटाळला आणि उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. कन्नडला जगाच्या व्यासपीठावर नेणाऱ्या लेखिकेला कन्नड उत्सवात प्रवेशासाठी निकाल लागतो, यावरून एका उत्तम पुस्तकाची पोच किती आणि ठशाचे आयुष्य किती, याचा अंदाज यावा.

मराठी श्रोत्याने हा विषय दुरून न्याहाळावा अशी स्थिती नाही. बंगालमध्ये मराठ्यांचे जे चित्र पिढ्यान् पिढ्या टिकले ते ‘बर्गी’ या शब्दात आहे. १७४२ पासून जवळजवळ दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांत गावे लुटली आणि जाळली गेली. गंगाराम नावाच्या समकालीन कवीने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तर भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बंगाली आई आजही लेकराला जोजवताना बर्गीचे नाव घेते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. स्वतःचा घोडा असणारा तो शिलेदार. येथे धंद्याचे नाव साऱ्या समाजाला चिकटले. हा ठसा खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक शिकवितो. जे घडले ते खरे होते. पण त्या दहा वर्षांवर ओतलेला पत्रा पावणेतीनशे वर्षे चालला, आणि त्यात तुकाराम, फुले वा रानडे यांना जागा नव्हती.

महाराष्ट्रानेही पत्रे ओतले. १९६० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने त्या दशकात कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि व्यंगचित्रांतून लुंगीवाला ‘मद्रासी’ घरोघर पोचविला. मराठी तरुणाची बेकारी खरी होती. नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता. परंतु त्या रागाचे फटके ज्यांना बसले, त्यांत उडुपी उपाहारगृहांचे मालक होते. उडुपी कर्नाटकात आहे आणि तेथील माणूस तुळू वा कन्नड बोलतो. म्हैसुरातल्या तिबेटी मुलाची गोष्ट येथे निराळ्या वेषात पुन्हा भेटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो क्षुल्लक नाही. कथेला ठसे लागतातच, असे म्हणतात. तमाशातला सोंगाड्या, नाटकातला खाष्ट सावकार, प्रहसनातला विसरभोळा प्राध्यापक, हे ठसेच. ते काढून टाकले तर विनोदाचा कणाच मोडेल. हे मान्य करावे. पण प्राध्यापकावरच्या प्रहसनाने प्राध्यापकाला घर मिळणे बंद होत नाही, कारण प्रेक्षकाच्या ओळखीचे आणखी चार प्राध्यापक असतात. बंगळूरच्या फाटकावरल्या तरुणाची दुसरी ओळखच प्रेक्षकापाशी नसते. तेथे पडद्यावरचा ठसा हाच पुरावा होतो.

कथा माणसाच्या मनात नेमके काय बदलते, याविषयी रवांडात झालेला एक प्रयोग फार मोलाचा आहे, आणि तो आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळचा वाटेल, कारण तो नभोनाट्याचा आहे. १९९४ साली त्या देशात एका खाजगी नभोवाणी केंद्राने तुत्सी लोकांना झुरळे म्हणून हिणवीत त्यांच्या कत्तलीला चिथावणी दिली आणि लाखो माणसे मारली गेली. दहा वर्षांनी, २००४ साली, त्याच माध्यमातून एक मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावांतले वैर, तोंडदेखले पुढारी, वैराला न जुमानणारे तरुण प्रेमिक, असे तिचे कथानक. एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधिकेने काही गावांना वर्षभर ही मालिका ऐकविली आणि काही गावांना आरोग्यविषयक निराळी मालिका ऐकविली. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. श्रोत्यांच्या स्वतःच्या समजुती फारशा बदलल्या नव्हत्या. बदलली होती ती लोकांत काय चालते याविषयीची कल्पना: भिन्न जमातीत लग्न करणे, मतभेद उघड बोलून दाखविणे हे आपल्या गावात चालण्यासारखे आहे, असे त्यांना वाटू लागले होते, आणि त्यांची वागणूकही काही बाबतींत बदलली होती.

हा निष्कर्ष मनात ठेवून बंगळूरकडे पुन्हा पाहिले, तर त्या फलाटाचा अर्थ थोडा अधिक उलगडतो. ठसा माणसाला द्वेष करायला शिकवितोच असे नाही. कोणत्या माणसाला काय म्हटले तर आजूबाजूचे हसतील आणि कोणाला मारले तर आजूबाजूचे खिडक्या लावून घेतील, हे मात्र तो सर्वांना कळवितो; मारणाऱ्याला कळवितो, पाहणाऱ्याला कळवितो आणि मार खाणाऱ्यालाही कळवितो. बाजारात, बसमध्ये, वर्गात ज्यांना वर्षानुवर्षे हसत हसत एका हिणकस नावाने हाक मारली गेली आणि ज्यांच्या बाजूने शेजारच्या आसनावरून कोणी ‘हे बरे नव्हे’ असे म्हटले नाही, त्यांना आपल्यासाठी उद्या कोणी मध्ये पडेल असे वाटणे अवघडच होते. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्याच्या केसांवरून कोणीतरी केलेल्या थट्टेतून ते भांडण सुरू झाले होते. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने नवा कायदा सुचविला आणि त्याच्याबरोबर पाठ्यपुस्तकांत ईशान्य भारताचा इतिहास यावा, अशीही शिफारस केली. समितीपुढे कामे पोलिसांची होती, तरी तिला धड्यांकडे वळावे लागले.

२०१२ च्या ऑगस्टात फलाटावर गेलेले बरेचसे तरुण पुढील काही आठवड्यांत बंगळूरला परत आले. गावी काम नव्हते, आणि इकडे त्यांच्यावाचून उपाहारगृहांची नि रुग्णालयांची अडचण होत होती. परतलेल्यांना त्याच खोल्या मिळाल्या, त्याच फाटकांवर पाळ्या लागल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच शहरात तीन मणिपुरी तरुणांना कन्नड येत नाही म्हणून मारहाण झाली. त्या वेळी पोलिसांनी संशयितांना अटक केली, शहरातही निषेध झाला, आणि या वेळी गुवाहाटीच्या गाडीला गर्दी झाली नाही.